आमच्या टोल्याचं नाव कागदावर काय लिहायचं? (गडचिरोली जिल्हा: गावं, नावं, ग्रामसभा)

कठाणीकाठ

नमस्कार. मी धानोरा तालुक्यातली, जि. गडचिरोली. नोकरीमुळे सध्या नागपुरात असते, पण महिन्यातून एकदा तरी गावी जाते.

आमचा टोला चाळीसेक घरांचा. मुख्य गाव अडीच किलोमीटरवर, मधे नाला. गट ग्रामपंचायतीचं ऑफिस त्याहून लांब, तिसऱ्याच गावात. पावसाळ्यात नाला भरला की ग्रामसभेला आमच्याकडून कुणी जाऊ शकत नाही, आणि पंधरा ऑगस्टची ग्रामसभा तर भर पावसातच येते. विहीर, रस्ता, घरकुलाची यादी, सगळं आमच्या गैरहजेरीत ठरतं. या उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर (तेंदूपानं मोजून देतात त्या जागी) बसल्या बसल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की पेसा कायद्याखाली (अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आपला टोला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घ्यायचा. शिकलेली म्हणून ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच ओळीला अडले. "गावाचे नाव".

पटवाऱ्याच्या दप्तरात आम्हाला नावच नाही. मुख्य गावाचं नाव आणि पुढे "टोला" एवढंच. आम्ही आपसात गोंडी नावानं बोलतो. त्याच्या शेवटी "मेट्टा" आहे, म्हणजे टेकडी. मतदार यादीत त्याचं "मेटा" झालं. रेशनकार्डावर "मेठा". माझ्या वडिलांच्या वनहक्काच्या दाव्यावर कुणीतरी "मेंढा" लिहिलं, आणि मेंढा तर आमच्याच तालुक्यातलं वेगळं गाव आहे. तो दावा एका कार्यालयातून "गाव जुळत नाही" असा शेरा मारून परत आला. वडील तेव्हा सत्तरीचे होते. दोन वर्षं त्या एका शब्दापायी गेली.

म्हणून विचारते: जुनं सरकारी नाव ठेवावं की आमचं लिहावं? आमचं लिहिलं तर प्रस्ताव अडकेल का? कुणी हे काम केलं असेल तर सांगा. (टोल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काम होईपर्यंत नको.)

सह्याद्रीवाला

मी पुण्याचा, गडचिरोलीला कधी आलेलो नाही. मनापासून विचारतो, ग्रामपंचायत आहे, तिथे तुमचा सदस्य असेल, मग वेगळं गाव कशाला? आणि चाळीस घरांचं गाव होतं का? आमच्याकडे एका वाडीत त्याहून जास्त घरं असतात.

कठाणीकाठ

@सह्याद्रीवाला, आधी जिल्ह्याचा आकार सांगते, मग गावाचा सांगता येईल.

गडचिरोलीचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर. गोव्यासारखी जवळजवळ चार राज्यं मावतील. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 10,72,942, म्हणजे गोव्यापेक्षाही कमी. चौरस किलोमीटरला 74 माणसं. दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल. त्यामुळे आमच्याकडे गाव म्हणजे रस्त्याकडेची घरांची रांग नसते. इथे वीस घरं, मग पाच किलोमीटर जंगल, मग तीस घरं. चाळीस घरांचा टोला आमच्याकडे लहान नाही.

आता ग्रामपंचायत आणि ग्रामसभा. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात गावाची व्याख्याच बदलली. एखादी वस्ती, पाडा, टोला किंवा त्यांचा समूह, जिथला समाज आपले व्यवहार आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे चालवतो, ते गाव. अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा. महाराष्ट्राचे नियम 2014 साली आले. तलाव, गौण वनोपज, जमीन अशा विषयांत त्या ग्रामसभेचा शब्द चालतो. म्हणजे गट ग्रामपंचायत एकच राहिली तरी तिच्या पोटात चार-पाच ग्रामसभा असू शकतात. आम्हाला वेगळी ग्रामपंचायत नको. नाल्याच्या अलीकडे बसून आमचं आम्हाला ठरवता यावं, एवढंच हवं.

निवृत्त_पटवारी

ताई, तीस वर्षं या जिल्ह्यात पटवारी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, 2024 मध्ये नाव बदललं. त्याच वर्षी ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. गावात अजून पटवारीच म्हणतात.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी. ठरावात "नाव बदलणे" हे शब्द चुकूनही येऊ देऊ नको. गावाचं नाव बदलणं हा वेगळा रस्ता आहे. ते प्रकरण राज्य शासनाकडे जातं आणि पुढे केंद्राच्या गृह मंत्रालयाची ना-हरकत लागते. तुम्ही नाव बदलत नाही आहात. आजवर ज्या वस्तीला गाव म्हणून मान्यताच नव्हती, तिला गाव म्हणून घोषित करा, असं मागत आहात. नव्या गावाला लोक म्हणतात ते नाव लिहायचं आणि कंसात दप्तरातली ओळख द्यायची. "अमुक (तमुक टोला)". जिल्ह्यात कंसाची सवय जुनीच आहे. गट्टा दोन आहेत, एक धानोरा तालुक्यात, एक एटापल्लीत, म्हणून गट्टा (जांबिया) असं लिहावं लागतं. आणि तू म्हणतेस ते मेंढा, सगळा महाराष्ट्र त्याला मेंढा (लेखा) म्हणून ओळखतो. लेखा हे शेजारचं गाव, गट ग्रामपंचायतीचं.

आता थोडं विषयांतर, पण नावांवर कुणी बोलतच नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडचे नावांचे शेपूट वाचता आले तर अर्धा इतिहास कळतो. गावाच्या नावापुढे "माल" आणि "चक" असतं. एकाच नावाची दोन गावं, एक माल आणि एक चक, हे जुन्या जमाबंदीचे शिक्के. "तुकूम" दिसलं की समजावं, गोंड राजांच्या काळात तिथे कुणीतरी तळं बांधलं आणि त्याबद्दल जमीन मिळाली. "रिठ" म्हणजे उठलेलं गाव, दप्तरात सातबारे आहेत पण चूल एकही नाही. दक्षिणेकडे पल्ली, पेठा, गुडम हे तेलुगू वळण. उत्तरेत टोला, खेडा, गाव. हे सगळं एकाच जिल्ह्यात, कारण हा जिल्हा कधी एका हाताखाली नव्हताच. अहेरीची मोठी जमीनदारी, उत्तरेत लहान लहान जमीनदाऱ्या, बाकी मालगुजारी. 1905 साली गडचिरोली तहसील झाली तीही ब्रह्मपुरी आणि चांदा (आताचं चंद्रपूर) तहसिलींतल्या जमीनदारीच्या मुलखातून.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा म्हातारे लोक जनपद सभेच्या गोष्टी सांगायचे. विदर्भातला हा भाग तेव्हा मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात होता. 1948 च्या कायद्यानं तहसिलीगणिक जनपद सभा होती. जिल्हा परिषद आली ती 1962 मध्ये, 1961 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली. स्थानिक स्वराज्याचं घर आपल्याकडे अनेकदा मोडून बांधलं गेलं आहे. दरवेळी गावाची हद्द वरून आखली गेली. खालून आखण्याची सोय पेसानं पहिल्यांदा दिली, म्हणून तुझा ठराव मला महत्त्वाचा वाटतो.

वडसा_स्टेशन

नावाचा विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका.

आमच्या गावाला रेल्वे वडसा म्हणते. तालुका देसाईगंज. नगर परिषद देसाईगंज. बसच्या पाटीवर कधी हे, कधी ते. बाहेरचा माणूस देसाईगंजचं तिकीट मागतो आणि त्याला स्टेशन सापडत नाही. माझ्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव देसाईगंज आणि जन्माच्या दाखल्यावर वडसा. शिष्यवृत्तीच्या वेळी एका कार्यालयात दोन्ही एकच गाव असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. ज्या गावावरून रोज गाड्या धावतात त्याचं हे, मग जंगलातल्या टोल्याचं काय होत असेल!

झाडीपट्टीची नाटकं आमच्या वडशातून निघतात. पोस्टरवर कंपनीच्या नावाखाली "वडसा" लिहितात. देसाईगंज लिहून चालतच नाही, प्रेक्षक ओळखणार नाही. लोक ज्या नावानं हाक मारतात तेच नाव टिकतं.

पण पेसावर माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट बोलतो. जिल्ह्याचा बराच भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात आहे, सगळा नाही. काही तालुके पूर्ण, काही तालुक्यांतली मोजकी गावं. आमचं गाव बाहेर. आमच्याकडे धानाच्या बांध्या आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. आम्ही ओबीसी. जिल्ह्यात ओबीसींचं आरक्षण कित्येक वर्षं 6 टक्क्यांवर होतं. 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली ठरावीक पदं स्थानिक आदिवासींना राखीव झाली, तेव्हा शेजारच्या गावातली आमची पोरं हळहळली. गावाचा दर्जा, सरपंचपद, नोकरी, सगळं एका रेषेवर ठरतं आणि ती रेषा दोन गावांच्या मधून जाते. ताईंच्या टोल्याला गावपण मिळायलाच हवं. फक्त ही दुसरी बाजूही धाग्यात नोंदवली जावी.

कठाणीकाठ

@वडसा_स्टेशन दादा, नोंदवलीत ते बरं केलंत. आमच्या टोल्यात चार घरं कुणब्यांची आहेत. ठरावावर त्यांच्याही सह्या आहेत. पेसाची ग्रामसभा गावातल्या सगळ्या मतदारांची असते, हे मी बैठकीत सगळ्यात आधी सांगितलं, कारण त्यांना भीती होती. आरक्षणाच्या रेषेचं दुखणं खरं आहे. पण ते आमच्या नाल्यानं निर्माण केलेलं नाही.

@निवृत्त_पटवारी काका, "नाव बदलणे" हेच शब्द मसुद्यात होते! काढले.

सिरोंचाकर

दक्षिण टोकावरून लिहितोय. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. आमच्याकडे गडचिरोली हे नाव घेतलं की पहिल्यांदा अंतर आठवतं. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. एका दाखल्याच्या सहीसाठी आदल्या दिवशी निघावं लागतं. दवाखाना म्हटलं की आमची माणसं प्राणहितेचा नाहीतर गोदावरीचा पूल ओलांडून तेलंगणात जातात, मंचेरियालला, वरंगलला. पूल झाल्यापासून ते तरी सोपं झालं, आधी नावेतून जात होतो.

नकाशा डोळ्यापुढे आणा. पश्चिमेला वैनगंगा. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढे तिचं नाव प्राणहिता. प्राणहिता आमच्या सिरोंचाजवळ गोदावरीत जाते, पलीकडच्या काठावर काळेश्वर. मग गोदावरी आमची दक्षिण सीमा होते आणि सोमनूरला तिला पूर्वेकडून इंद्रावती येऊन मिळते. तीन बाजूंना मोठ्या नद्या आणि नदीपलीकडे दुसरं राज्य. आम्ही महाराष्ट्राच्या टोकाला आहोत असं मुंबईवरून दिसतं. आमच्या ओट्यावरून पाहिलं तर आम्ही मधोमध आहोत. मराठी, तेलुगू, गोंडी-माडिया आणि छत्तीसगढी यांच्या मधोमध.

आणि सिरोंचा पूर्वी जिल्ह्याचं ठिकाण होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि 1860 च्या सुमारास अप्पर गोदावरी जिल्हा झाला, मुख्यालय सिरोंचा. तेव्हा गोदावरीतून बोटी वर आणायचा बेत होता. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी इथले खडकाळ टप्पे आडवे आले, पैसा संपला, काम थांबलं. 1874 मध्ये भद्राचलमचा भाग मद्रासकडे गेला, आमचा चांदा जिल्ह्यात आला आणि सिरोंचाचं ठिकाणपण गेलं. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर तोडून गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा आमच्या आजोबांना वाटलं होतं की आता सरकार जवळ येईल. आलं, पण उत्तरेत आलं. आमच्यापासून चंद्रपूर जितकं लांब, जवळपास तितकंच गडचिरोली.

म्हणून अहेरी जिल्ह्याची मागणी. अहेरी, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, सिरोंचा यांचा वेगळा जिल्हा करा, ही मागणी कित्येक वर्षांची आहे. अहेरीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय दिलं आहे. त्यानं काही सह्या जवळ आल्या, निर्णय आले नाहीत.

निवृत्त_पटवारी

सिरोंचाकर, मला तुमच्या तालुक्यातली पाच वर्षं आठवतात. पण जिल्हा लहान केला की सरकार जवळ येतं, यावर माझा आता पूर्ण विश्वास नाही. 1982 नंतर आपल्याकडे तालुके वाढत गेले, आज बारा आहेत: गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, मुलचेरा, आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा, कोरची, अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. उपविभाग सहा. इमारती झाल्या, खुर्च्या बऱ्याच ठिकाणी रिकाम्या राहिल्या. एका ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन ग्रामपंचायतींचा कार्यभार मी स्वतः पाहिला आहे. बदलीची ऑर्डर निघाली की माणूस हजर होण्याआधी रद्द करून घेण्यासाठी धावतो. अहेरी जिल्हा व्हावा, माझा विरोध नाही. पण त्या खुर्च्यांवर कोण बसणार हे आधी विचारा.

सिरोंचाकर

काका, आदराने सांगतो, हे उत्तर आम्ही चाळीस वर्षं ऐकतो आहोत. माणसं मिळत नाहीत म्हणून कार्यालय नको, आणि कार्यालय नाही म्हणून माणसं येत नाहीत. धानोऱ्याच्या ताईंना नाला ओलांडून सभेला जावं लागतं म्हणून त्यांना वेगळं गाव हवं. आमची मागणी तीच आहे, फक्त नाला दोनशे किलोमीटर रुंद आहे.

तीन_नद्या

भामरागडचा आहे. आमच्याकडे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात, म्हणून हे नाव घेतलं.

माझी भाषा माडिया. मराठी शाळेत शिकलो. काही चुकलं तर समजून घ्या.

नाव चुकतं कसं ते मी पाहिलं आहे. बाहेरचा साहेब येतो, गावाचं नाव विचारतो. आमचा म्हातारा सांगतो. साहेब त्याच्या कानाला जसं ऐकू येतं तसं लिहितो. जोडाक्षर सुटतं, लांब स्वर आखूड होतो. मग ती यादी दुसऱ्या साहेबाकडे जाते, तो इंग्रजीत लिहितो. तिसरा इंग्रजीतून परत मराठीत लिहितो. तिसऱ्या वेळी जे येतं ते पाटीवर लागतं. आम्ही पाटी वाचतो आणि विचारतो, हे कुठलं गाव?

पण नावापेक्षा मोठी गोष्ट हद्दीची आहे. आमच्याकडे गावाची हद्द म्हाताऱ्यांना पाठ असते. या नाल्यापासून त्या मोहाच्या झाडापर्यंत आमचं, पुढे त्यांचं. गायता, पेरमा या गावच्या परंपरागत मानकऱ्यांना माहीत असते. शिकार, सण, जमीन, भांडण, सगळं त्या हद्दीनं चालतं. अनेक गावं मिळून इलाका होतो, त्याची वेगळी बैठक असते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी आलं की तहसील बंद, पंचायत समिती बंद. इलाका चालू असतो. तो कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही.

ताई, नाव लिहाल तेव्हा सोबत हद्द लिहा. नुसतं नाव मिळालं आणि जंगल मुख्य गावाच्या नावावर राहिलं, तर तेंदू आणि बांबूचं काय कराल?

कठाणीकाठ

दादा, हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. खरं आहे. सामूहिक वनहक्क मुख्य गावाच्या नावावर मिळाला आहे. तेंदूचं फळीवरचं मोजमाप, लिलाव, बोनस, सगळं तिथून येतं. पुडे आम्ही बांधतो, सत्तर पानांचा एक पुडा, आणि हिशेब मात्र नाल्यापलीकडे. पैसे बुडवले असं मी म्हणत नाही, पण हिशेब आम्हाला वाचून दाखवलेला नाही.

वडिलांना फोन करून विचारलं, हद्द कुठली? त्यांनी एका दमात अकरा खुणा सांगितल्या. मी लिहून घेतल्या. त्यातल्या चार मला आजवर माहीत नव्हत्या.

सुंदरनगर_मुलचेरा

मी बंगाली. आमचे लोक पूर्व पाकिस्तानातून आले. 1960 च्या दशकात चामोर्शी-मुलचेरा भागात त्यांना जमिनी देऊन वसवलं. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही आमच्याकडच्या गावांची नावं. ऐकलं की कळतं, ही नावं जंगलातून आलेली नाहीत. आजी मरेपर्यंत आपल्या मूळ गावाचं नाव सांगायची, खुलना जिल्ह्यातलं. इथल्या गावाला ती कॅम्पच म्हणायची.

या धाग्यात बोलावं की नाही असा विचार करत होतो. कारण आम्हाला जिथे जमीन दिली ती जागा आधी कुणाच्या तरी हद्दीत असणार. भामरागडच्या दादांनी म्हातारे खुणा सांगतात असं लिहिलं. आमच्या तलावाच्या पाळीवर एक मोठं झाड आहे, शेजारच्या गावचे गोंड लोक वर्षातून एकदा तिथे येऊन पूजा करतात. आम्ही कधी अडवलं नाही. पण आम्ही कधी विचारलंही नाही की या झाडाचं नाव काय. आता विचारीन.

आमच्या नामशूद्र समाजाला महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, बंगालमध्ये मिळतो. म्हणजे नावाचा प्रश्न आमच्याकडेही आहे, गावाचा नाही तर माणसाचा.

सह्याद्रीवाला

मी पहिला प्रश्न विचारला होता, चाळीस घरांचं गाव होतं का. आता तो प्रश्न मला परत घ्यावासा वाटतो. एकच शंका राहते. असं प्रत्यक्षात करून दाखवलेलं कुणी आहे का, की सगळं कायद्याच्या पुस्तकात?

निवृत्त_पटवारी

आहे, आणि ताईच्याच तालुक्यात. मेंढा (लेखा). शंभरेक घरांचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. लोक ती भिंतीवर लिहितात. मी तिची दुसरी बाजू पाहिली. ते लोक बैठकीला बसले की निर्णय बहुमतानं करत नाहीत. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर. दारूबंदीचा निर्णय असाच लांबत लांबत, पण सगळ्यांच्या संमतीनं झाला. वनहक्क कायदा 2006 चा. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवा होता आणि तो कुणी द्यायचा यावर दोन वर्षं अडलं. 2011 मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पुढे 2013 मध्ये त्यांनी 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी गावाच्या नावे केल्या.

आणि लक्षात घ्या, हे सगळं करताना मेंढा गट ग्रामपंचायतीतलं एक गाव होतं, लेखा ग्रामपंचायतीतलं. म्हणजे वेगळी ग्रामपंचायत नसतानाही ग्रामसभा केवढं करू शकते याचं उदाहरण तुमच्या टोल्यापासून एका दिवसाच्या सायकलवर आहे. मेंढ्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले.

ताई, आता कामाचं. नीट वाच.

ठरावाला टोल्यातल्या अर्ध्याहून अधिक मतदारांची संमती हवी. सह्या, अंगठे, प्रत्येकासमोर मतदार यादीतला क्रमांक. यादीत टोल्याचं नाव जसं चुकीचं आहे तसंच तिथे राहू दे, ठरावात एक वाक्य घाल की मेटा, मेठा आणि अमुक टोला ही एकाच वस्तीची नावं आहेत. ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो, पुढे जिल्हाधिकारी. प्रती तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांना. नजरी नकाशा जोड, वडिलांनी सांगितलेल्या अकरा खुणा त्यावर मांड. शेजारच्या गावांच्या दोन-दोन म्हाताऱ्यांना शिवेवर बोलाव, त्यांच्यासमोर हद्द चाल आणि तिथेच पंचनाम्यासारखं लिहून त्यांची सही घे. मुख्य गावाला तर आधी बोलाव. त्यांना कागदातून कळलं तर ते विरोध करतील, पायी चालून कळलं तर बहुतेक करणार नाहीत.

आणि अभिलेख कक्षातून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढ. जंगलातून लाकूड, गवत, चराई कुणाला कुठवर, हे त्यात लिहिलेलं असतं. वस्तीचं जुनं नावही कधी कधी तिथे सापडतं, कारण तो लिहिणारा कारकून गावात येऊन बसत असे.

वडसा_स्टेशन

वाजिब-उल-अर्जचं काका बरोबर बोलले. आमच्या तलावाच्या पाण्याची पाळी कुणाची, या भांडणात आम्हाला तोच कागद कामी आला. नक्कल मिळायला दीड महिना लागला, तेवढा वेळ धरा.

कठाणीकाठ

दोन महिन्यांनी परत लिहिते आहे.

नक्कल मिळाली. मोडी वळणाचा मराठी कागद, वाचून घ्यायला वेळ लागला. काका, तुमचं म्हणणं खरं निघालं. मुख्य गावाच्या वाजिब-उल-अर्जात चराईच्या कलमात आमच्या टेकडीचा उल्लेख आहे, नावासकट. आणि तिथे "मेट्टा" असं स्पष्ट लिहिलं आहे, दोन ट सह. ज्यानं कुणी तो कागद लिहिला त्यानं नीट ऐकलं होतं.

शीव चाललो. मुख्य गावाचे सात जण आले, त्यात त्यांचे पोलीस पाटील. नवव्या खुणेवर वाद झाला. एक सुकलेली बोडी (लहान तळं) आहे, ती त्यांची की आमची. वडील म्हणाले आमची, त्यांचे आजोबा म्हणाले त्यांची. अर्धा तास दोघं तिथेच बसून बोलत राहिले, आम्ही बाकीचे गप्प. शेवटी ठरलं की बोडी दोघांची, दुरुस्ती दोघांनी करायची. तसंच लिहिलं. तेंदूच्या हिशेबाचंही त्याच दिवशी बोलणं झालं. पुढच्या हंगामात फळीवरचा मुंशी आमचा एक, त्यांचा एक.

ठरावात नाव आमचं, कंसात टोला. एकूण मतदार 97, सह्या आणि अंगठे 81. वडिलांना सही येते. त्यांनी नावाखाली गावही लिहिलं, कुणी सांगितलं नव्हतं.

परवा उपविभागीय कार्यालयात दिला.

निवृत्त_पटवारी

पोच घेतलीस का? तारीख आणि शिक्का दोन्ही बघ.

कठाणीकाठ

घेतली काका. शिक्का आहे, तारीख आहे. आवक नोंदवहीत नाव चढवताना मी समोर उभी होते. बाईंनी एक ट लिहिला होता, मी सांगितल्यावर त्यांनी दुसरा घातला.

तीन_नद्या

ताई, त्या नजरी नकाशाचा फोटो खुणांची नावं झाकून इथे टाकता का? आमच्या इलाक्यात तीन गावांचं काम सुरू करायचं आहे. कसा काढला ते पाहून काढू.

कठाणीकाठ

टाकते. रविवारी गावी जाते आहे, मूळ कागद वडिलांच्या पेटीत आहे.